गोल्डफिंचचा फोटो मे महिन्यातच ठरतो

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घरांमागे टोमॅटो, मिरच्या, मेथी आणि दुधीच्या वेलाबरोबर आता सूर्यफुलंही दिसू लागली आहेत. ऑगस्ट उजाडला की त्या फुलांवर मुठीत मावतील एवढे पिवळेधमक पक्षी येतात. घरातलं कुणीतरी फोन घेऊन धावतं आणि काचेआडून एक धूसर पिवळा ठिपका टिपून परत येतं. मग ‘आपल्याकडे चांगली लेन्स नाही’ असं म्हणून विषय संपतो.

लेन्सचा दोष त्यात फार थोडा असतो. फूल कोणत्या जातीचं आहे, ते कुठे लावलंय, त्याच्या मागे काय दिसतं आणि सकाळचं ऊन कुठून येतं, या चार गोष्टींवर फोटोचं बरंचसं भवितव्य ठरतं. या चारही गोष्टी आपल्या हातात असतात त्या बी पेरताना. म्हणून या लेखात कॅमेऱ्याआधी कुदळ येते. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांतली आहेत. इतर ठिकाणच्या वाचकांनी तारखा आपल्या हवामानाप्रमाणे मागेपुढे कराव्यात.

पाहुण्यांची ओळख

सूर्यफुलावर येणारा मुख्य पाहुणा म्हणजे अमेरिकन गोल्डफिंच. लांबी ११ ते १३ सेंटिमीटर, वजन ११ ते २० ग्रॅम, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान. उन्हाळ्यातला नर झळझळीत पिवळा असतो. त्याच्या कपाळावर काळी टोपी असते, काळ्या पंखांवर पांढऱ्या रेघा असतात आणि चोच नारिंगी असते. मादी शेवाळी-पिवळसर, जरा मळक्या रंगाची. न्यू जर्सीने १९३५ साली या पक्ष्याला राज्यपक्षी केलं. आयोवा आणि वॉशिंग्टन या राज्यांचाही तो राज्यपक्षी आहे. तो लाटेसारखा वर-खाली होत उडतो आणि उडताना चार तुकड्यांची शीळ घालतो. अमेरिकन माणसाला ती ‘पोटॅटो चिप’ अशी ऐकू येते. ही शीळ एकदा कानात बसली की पक्षी दिसण्याआधीच कॅमेरा हातात घेता येतो.

फोटोच्या दृष्टीने या पक्ष्याच्या दोन सवयी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे तो अंगावरची पिसं वर्षातून दोनदा बदलतो. वसंतात नर पिवळा होतो आणि सप्टेंबरपासून हळूहळू पुन्हा मातकट होत जातो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नर-मादी ओळखणंही अवघड होतं. पिवळ्या फुलावर पिवळा नर हवा असेल, तर तुमच्या हातात ऑगस्ट आणि फार तर सप्टेंबरचा पूर्वार्ध आहे.

दुसरी सवय आहाराची. बहुतेक दाणे खाणारे पक्षीही पिल्लांना किडे भरवतात; गोल्डफिंच मात्र पिल्लांनाही मुख्यतः बियाच भरवतो. काउबर्ड नावाचा पक्षी दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालतो, तशी गोल्डफिंचच्या घरट्यातही घालतो. पण या पक्क्या शाकाहारी घरात काउबर्डचं पिल्लू काही दिवसांपलीकडे जगत नाही. बियांवरच सगळा संसार असल्यामुळे इतर पक्ष्यांची पिल्लं उडून गेल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, गोल्डफिंच घरटं करतो. काटेरी थिसल वगैरे झाडांना तेव्हा बी धरलेलं असतं. तुमचं सूर्यफूलही नेमकं त्याच वेळी भरतं.

दुसरा पाहुणा हाउस फिंच. नराचं डोकं आणि छाती लालसर, बाकी अंग तपकिरी आणि पोटावर रेघा. हा मुळात अमेरिकेच्या पश्चिम भागातला पक्षी. पिंजऱ्यात घालून ‘हॉलिवूड फिंच’ या नावाने तो विकला जात असे. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून देण्यात आले आणि आज साऱ्या पूर्व अमेरिकेत दिसणारे हाउस फिंच त्यांचे वंशज आहेत. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासच्या वाचकांकडे लेसर गोल्डफिंचही येईल. तो आणखी लहान, पाठीकडे हिरवट किंवा काळा आणि पोटाकडे पिवळा असतो.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना हे पक्षी पाहून मुनिया आठवतील. चोच तशीच जाड आणि शंकूसारखी, खाणंही दाण्यांचं, पण मुनियांचं कूळ वेगळं आहे. आपल्याकडे सूर्यफुलाच्या शेतावर डल्ला मारतात ते प्रामुख्याने पोपट.

कोणतं बी, केव्हा पेरायचं

दुकानात सूर्यफुलाची दहा-पंधरा पाकिटं टांगलेली असतात. त्यांतलं सगळ्यांत मोठ्या फुलाचं चित्र पाहून हात ‘मॅमथ’कडे जातो. मॅमथ आठ ते बारा फूट वाढतं, फूल फूटभर रुंद होतं आणि दाणे भरले की ते चक्क जमिनीकडे तोंड करतं. पक्षी मग फुलाच्या खालच्या बाजूला उलटा लटकून खातो आणि आपल्याला खालून त्याचं पोट दिसतं. पक्ष्यांना ते फूल आवडतं, फोटोवाल्याला अडचणीचं ठरतं.

फोटोसाठी फांद्या फुटणाऱ्या जाती घ्या. ‘लेमन क्वीन’ आणि ‘ऑटम ब्युटी’ या दोन्ही सहज मिळतात. एका झाडाला अनेक मध्यम फुलं लागतात, बरीचशी पाच ते सात फुटांच्या बेतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास. फुलं लहान असल्याने ती फारशी मान टाकत नाहीत. एकाच झाडावर कळी, उमललेलं फूल आणि दाणे भरलेली चकती एकदम दिसते. पक्षी दाण्यावर बसलेला असतो आणि मागे ताजं फूल असतं.

दोन प्रकार टाळा. फुलदाणीसाठी तयार केलेल्या, परागकण नसलेल्या जातींमध्ये दाणे कमी धरतात. ‘टेडी बेअर’सारखी गच्च पाकळ्यांची बुटकी फुलं दिसायला छान असतात, पण फिंचला त्यांत फारसं काही मिळत नाही. बियाण्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली नसावी, हेही पाकिटावर वाचून घ्या.

न्यू जर्सीच्या मध्यभागात मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती संपते. तेव्हा पहिली पेरणी करा. बी इंचभर खोल आणि जागा दिवसभर उन्हाची. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरत जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. सगळं बी एकदम पेरलं तर सगळी फुलं एकदम येतात आणि पंधरवड्यात खेळ आटोपतो. टप्प्याटप्प्याने पेरलं तर जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत रोज कुठलं ना कुठलं फूल पक्ष्यांच्या कामाचं असतं.

कोवळी रोपं ससे, खारी आणि हरणं फस्त करतात. त्यासाठी बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा करून रोपावर ठेवा. नायलॉनचं सैल जाळं नको, त्यात पक्षी आणि साप अडकतात. वस्तीला होमओनर्स असोसिएशन असेल तर झाडांच्या उंचीचे नियम आधी पाहून घ्या, विशेषतः घरासमोर लावणार असाल तर.

जुलैमध्ये पानांची चाळण झालेली दिसली तर घाबरून फवारणी करू नका. गोल्डफिंच सूर्यफुलाची पानंही खातो. शिरा ठेवून मधला हिरवा गर तो चोचीने ओरबाडतो. ती पाहुणे पोचल्याची वर्दी आहे.

पूर्व दिशेचं गणित

सूर्यफूल सूर्यामागे फिरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फिरतं ते वाढीच्या वयातलं झाड. फूल पूर्ण उमललं की ते फिरणं थांबवतं आणि पूर्वेकडे तोंड करून स्थिरावतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यावर केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पूर्वाभिमुख फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात, असं त्यांना आढळलं.

आपल्याला याचा फायदा असा, की ऑगस्टमधली फुलं कुठे तोंड करतील हे मे महिन्यातच माहीत असतं. सकाळचं कोवळं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडणार. तेव्हा बसायची जागा फुलांच्या पूर्वेकडे हवी, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी आणि फूल समोर.

इथे एक खोच आहे. अगदी समोर, नाकासमोर पूर्वेला बसलात तर फुलाच्या तोंडावर बसलेल्या पक्ष्याची पाठ तुमच्याकडे येते. फोटोत दिसतं पिवळं गाठोडं आणि काळे पंख, चोच नाही की डोळा नाही. म्हणून थोडं तिरकं बसा, फुलाच्या आग्नेयेला किंवा ईशान्येला. ऊन पुरेसं मिळतं आणि पक्षी एका अंगाने दिसतो. चोच दाण्यात कशी जाते तेही दिसतं.

घर आणि बाग यांची रचना प्रत्येकाची निराळी असते. घर फुलांच्या पूर्वेला असेल तर दिशा उत्तम, पण सकाळी घराचीच सावली वाफ्यावर पडते. म्हणून वाफा घरापासून लांब, कुंपणाच्या बाजूला घ्या. मेमध्ये एका सकाळी आठ वाजता सावली कुठवर पोचते ते पाहून खूण करून ठेवा. ऑगस्टमध्ये सूर्य थोडा खाली आलेला असतो, म्हणून त्या खुणेपुढे आणखी काही फूट सोडा. घर फुलांच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर खिडकीतून फुलं बाजूने दिसतात आणि फिंचसाठी हा कोन फार चांगला आहे. घर पश्चिमेला असेल तर फुलांची पाठ दिसते. तेव्हा एक तर वाफ्यापलीकडे जाऊन बसा, नाहीतर उलट्या उन्हात चमकणाऱ्या पाकळ्या आणि पक्ष्याची काळी आकृती, असा वेगळा फोटो काढा.

यानंतर पार्श्वभूमी. फुलाच्या मागे लगेच लाकडी कुंपण असेल तर प्रत्येक फोटोत फळ्यांच्या रेघा येतील. फूल आणि मागची वस्तू यांत वीस-तीस फूट मोकळी जागा असेल तर मागे नुसता मऊ हिरवा रंग उरतो. हिरवळ चालते, शेजाऱ्याची आर्बोर्व्हायटीची गडद रांग तर छानच. झाडांना आधाराच्या काठ्या लावाल तेव्हा त्या कॅमेऱ्याच्या बाजूने लावू नका, खोडामागे लपवा. आधार मात्र हवाच, कारण वाऱ्याने झुलणारं फूल हे या छंदातलं मोठं विघ्न आहे.

बसायचं कुठे आणि कसं

बॅकयार्डातले पक्षी माणसांना सरावलेले असतात. हालचालीला ते बुजतात, माणूस बसलेला असला तर फारसं काही नाही. एकच खुर्ची, एकच जागा आणि साधारण तीच वेळ ठेवा. कपडे पांढरे किंवा भडक नकोत. काही दिवस आधीपासून खुर्ची आणि ट्रायपॉड तिथेच ठेवून द्या. ट्रायपॉडवर एखादा रिकामा खोका बांधला तर पक्षी त्या आकारालाही सरावतात. शिकाऱ्यांसाठी मिळणारा घडीचा तंबू घेतला तर उत्तम, पण फिंचसाठी त्यावाचून अडत नाही.

घरातूनच फोटो काढायचे तर खिडकी किंवा डेकचं दार उघडं ठेवा आणि खोलीतले दिवे बंद करा. काचेतून काढणं भागच असेल तर काच आतून-बाहेरून पुसा, लेन्सचं हूड काचेला अगदी भिडवा आणि कॅमेरा काचेशी काटकोनात धरा. तिरक्या काचेतून चांगल्या लेन्सचंही चित्र मातीमोल होतं. खिडकीच्या चौकटीवर किंवा डेकच्या कठड्यावर कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ किंवा राजमा भरा. विकतच्या बीनबॅगेइतकंच काम होतं.

वेळ सकाळची, ऊन वाफ्यावर आल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत. पुढे ऊन डोक्यावर येतं आणि फुलाची कड पक्ष्याच्या तोंडावर सावली टाकते. पातळ ढग असतील तर दुपारही चालते, उलट पिवळा रंग अशा दिवशी जास्त खुलतो.

लेन्स आणि आकडे

पक्षी लहान आहे, याचा हिशेब आधी करा. १२ सेंटिमीटरचा पक्षी साधारण सोळा फुटांवर, म्हणजे पाच मीटरवर असेल, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १० मिलिमीटर उमटते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या ३६ मिलिमीटर रुंदीत हा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग झाला. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असल्याने त्यात पक्षी बराच मोठा दिसतो. म्हणून या कामाला स्वस्तातला एपीएस-सी कॅमेरा आणि ३०० किंवा ४०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स हा जोड वाईट नाही. मोठ्या झूम लेन्स बहुधा दोन-तीन मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत. खुर्ची ठेवण्याआधी आपल्या लेन्सचं किमान अंतर पाहून घ्या.

याच अंतरावर, ४०० मिलिमीटर आणि एफ/६.३ असताना फुल-फ्रेमवर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे सहा सेंटिमीटर असते. डोळा स्पष्ट असेल आणि शेपूट किंचित मऊ झाली तर बिघडत नाही. पाकळी स्पष्ट आणि डोळा धूसर असला तर फोटो बाद. फोकस डोळ्यावरच हवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर फोकसचा एकच छोटा बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोक्यावर ठेवा. सगळे बिंदू मोकळे ठेवले तर कॅमेरा जवळची पाकळी पकडतो. फोकस सतत चालणारा ठेवा, कारण फूल झुलतं आणि पक्षी मान हलवतो.

सुरुवात या आकड्यांपासून करा: शटर स्पीड १/१०००, ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ऑटो. पक्षी स्वस्थ बसला असेल आणि वारा पडला असेल तर १/५०० पुरतं. उडतानाचा क्षण हवा असेल तर १/२५०० किंवा १/३२०० वर जा. आयएसओ वाढला म्हणून बिचकू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. रॉ फाइल ठेवा. बर्स्ट मोड लावा, पण बोट दाबून धरू नका. तीन-चार फ्रेम्सचे छोटे झटके घ्या, नाहीतर रात्री शेकडो सारखे फोटो चाळत बसावं लागतं.

पिवळ्यावर पिवळं

या विषयातली खरी तांत्रिक अडचण एक्सपोजरची आहे. उन्हातला पिवळा फार उजळ रंग. मागे गडद झाडं असतील तर कॅमेरा सरासरी काढून चित्र उजळवतो आणि नराची छाती सपाट पिवळा डाग होऊन जाते. एकही पीस दिसत नाही. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १/३ पासून उणे १ पर्यंत न्या. मागे उघडं आकाश असेल तर उलट अधिक १ लागेल, नाहीतर पक्षी काळा पडतो.

पडद्यावरचं चित्र पाहून याचा निवाडा करू नका. हिस्टोग्राम पाहा, तोही लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरव्याची बेरीज. साधा एकरंगी हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही लाल रंग उजव्या भिंतीला धडकलेला असू शकतो. धडकला असेल तर आणखी थोडं खाली या.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला की समोर सगळं पिवळं पाहून कॅमेरा चित्र निळसर करू पाहतो. तो सरळ ‘डेलाइट’वर ठेवा. संगणकावर रंग वाढवायचा मोह टाळा. पिवळ्याची उजळता किंचित कमी केली तर पिसांच्या रेषा आपोआप वर येतात.

काय टिपायचं

फुलाच्या चकतीत फुलोरा कडेकडून मध्याकडे उमलत जातो, म्हणून दाणेही आधी कडेचे भरतात. फूल उमलल्यावर दोन-तीन आठवड्यांत, पाकळ्या कोमेजत असताना आणि चकतीची पाठ हिरवीची पिवळी होत असताना, पक्षी यायला लागतात. पाकळ्या अजून तग धरून आहेत आणि कडेचे दाणे भरलेत, अशी फुलं हेरून ठेवा. ती अवस्था थोडेच दिवस टिकते.

पक्षी खातो कसा, हे आधी कॅमेरा बाजूला ठेवून नीट पाहा. तो चकतीच्या वरच्या काठावर पाय रोवतो आणि खाली वाकतो. दाण्याचं टोक चोचीत धरून एक-दोन हिसके देतो. दाणा निघाला की मान वर येते. मग दाणा चोचीच्या एका बाजूला जातो, जिभेने गोल फिरतो, धारदार कडेत टरफल फुटतं आणि त्याचे तुकडे गळून पडतात. गर गिळला की क्षणभर इकडेतिकडे नजर आणि पुन्हा खाली. वाकलेल्या पक्ष्याचा फोटो काढण्यात अर्थ नाही. मान वर येते तो क्षण आपला. चोचीत दाणा, डोळ्यात उन्हाचा ठिपका आणि छातीवर चिकटलेलं एखादं टरफल, एवढं मिळालं की सकाळ सार्थकी लागली.

ऑगस्टच्या अखेरीपासून आणखी एक दृश्य मिळतं. नुकती उडायला लागलेली पिल्लं आईबापांच्या मागे फुलावर येतात, पंख थरथरवतात आणि चोच वासून ओरडतात. पिल्लांचा रंग तपकिरी-पिवळसर आणि पंखावरचे पट्टे बदामी. भरवण्याचा क्षण हवा असेल तर फोकस पिल्लावर ठेवा, मोठा पक्षी आपणहून तिथे येतो.

शनिवार-रविवारवाल्यांची युक्ती

नोकरी करणाऱ्यांची तक्रार ठरलेली: पक्षी सोमवार ते शुक्रवार खातात आणि शनिवारी रिकाम्या चकत्या उरतात. यावर उपाय सोपा आहे. दाणे भरत आलेल्या काही फुलांना मलमलीसारख्या पातळ सुती कापडाची पिशवी घालून देठाशी सैल बांधा. शुक्रवारी संध्याकाळी, ऊन आणि पार्श्वभूमी चांगली असलेल्या एकाच फुलाची पिशवी काढा. बाकीची झाकलेली असल्याने पक्षी नेमके तुमच्या फुलावर येतात. शेजारचं एखादं फूल मात्र नेहमी उघडं राहू द्या, म्हणजे त्यांचं येणं तुटत नाही.

झाकलेली फुलं कापून, वाळवून ठेवलीत तर हिवाळ्यातही उपयोगी पडतात. बर्फ पडल्यावर एखादी चकती तारेने खांबाला बांधा. त्या वेळचे मातकट गोल्डफिंच, चिकाडी, एखाद्या वर्षी पाइन सिस्किन असे वेगळेच पाहुणे मिळतात.

फोनवाल्यांसाठी

फोनला पल्ला नसतो, म्हणून तो फुलाजवळ नेऊन ठेवा. छोट्या ट्रायपॉडवर फोन लावा, फुलापासून दीड-दोन फुटांवर ठेवा, फोकस चकतीच्या वरच्या काठावर पक्का करा आणि स्वतः घरात जा. ब्लूटूथचं बटण किंवा हातातलं स्मार्टवॉच यांवरून फोटो काढा. बटण चालत नसेल तर व्हिडिओ सुरू करून निघून जा. पहिल्या दिवशी पक्षी फोनला बिचकतील, म्हणून आदल्या दिवशी तिथे नुसता ट्रायपॉड उभा करून ठेवावा.

पक्ष्यांच्या जिवाचा हिशेब

आपण फुलं लावून पक्ष्यांना बोलावतो, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही आपली. अमेरिकेत दर वर्षी अंदाजे ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी काचेवर आपटून मरतात. वाफा मोठ्या काचेपासून तीन फुटांच्या आत असू द्या, म्हणजे पक्ष्याला वेगच घेता येत नाही, नाहीतर तीस फुटांहून लांब घ्या. डेकच्या दाराला बाहेरून ठिपक्यांची पट्टी लावा, ठिपक्यांमधलं अंतर दोन इंचांपेक्षा जास्त नको. मांजर पाळलेलं असेल तर ते घरात ठेवा.

हाउस फिंचना डोळ्यांचा एक जिवाणूजन्य रोग होतो. पूर्व अमेरिकेत तो १९९४ पासून दिसू लागला. डोळे सुजलेला, चिकटलेला पक्षी दिसला तर शेजारी टांगलेलं दाण्यांचं फीडर काही दिवस काढून ठेवा. एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी घेऊन ते धुवा आणि वाळवूनच परत लावा.

ऑगस्ट हा गोल्डफिंचच्या घरट्याचा काळ आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. घरटं सापडलं तरी फांद्या बाजूला करून फोटो काढू नका. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली या पक्ष्यांना संरक्षण आहे. अंडी किंवा घरटं तर सोडाच, परवान्याशिवाय गळलेलं पीससुद्धा घरात ठेवता येत नाही. मुलांना हे आधीच सांगा, कारण पिवळं पीस दिसलं की ते वहीत जातंच.

फोटो नुसते व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ ॲप ओळख पटवायला मदत करतं आणि त्यांच्याच ‘ईबर्ड’वर तारीख-ठिकाणासह नोंद करता येते. तुमच्या बॅकयार्डातली नोंद पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या उपयोगी पडते, मग फोटो थोडा हललेला असला तरी चालतो.

हंगाम संपला की वाळकी झाडं उपटायची घाई करू नका. तळाशी सांडलेले दाणे पक्षी हिवाळाभर वेचतात. वाफ्याची जागा, सावलीची खूण आणि कुठली जात चांगली ठरली हे मात्र लगेच लिहून ठेवा, मे येईपर्यंत लक्षात राहत नाही. बियाण्याचं पाकीट दोन-चार डॉलरला मिळतं. हजार डॉलरची लेन्स घ्यायची की नाही, हे पहिला ऑगस्ट पाहून ठरवा. आधी पेरा.